डीबीस्कॅनमध्ये एप्सिलॉन किती ठेवायचा, आणि कधी तो प्रश्नच सोडून द्यायचा

आधी प्रश्न थोडक्यात. तुमच्याकडे वाहनं जिथे थांबली त्या ठिकाणांच्या साधारण २ लाख जीपीएस नोंदी आहेत: अक्षांश, रेखांश आणि वेळ. त्यातून नेहमीचे थांबे शोधायचे आहेत. किती थांबे निघतील हे आधी माहीत नसल्यामुळे गटांची संख्या आधीच मागणारी के-मीन्स पद्धत सोडून तुम्ही डीबीस्कॅन घेतलं, जे दाट जागा शोधून बिंदूंचे गट, म्हणजे क्लस्टर, पाडतं. सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीच्या मूळ सेटिंगवर १० हजार नोंदींचा नमुना चालवला तर सगळं एकाच क्लस्टरमध्ये गेलं, आणि पूर्ण डेटावर मेमरीच संपली. एप्सिलॉन, म्हणजे शेजारी शोधायची त्रिज्या, ०.००१ केला तेव्हा बरेच क्लस्टर दिसले, पण शहराचा अख्खा मध्यभाग एकच गोळा झाला. तो ०.०००२ वर आणल्यावर मध्यभाग सुटा झाला, पण बाहेरच्या भागातले जवळपास सगळे बिंदू उणे १, म्हणजे नॉइज (कुठल्याच गटात न बसलेले). गट किती घट्ट आणि सुटे आहेत हे मोजणारा सिल्हूएट स्कोअर सर्वांत चांगला येतो तिथले क्लस्टर नकाशावर निरर्थक दिसतात. मग बरोबर एप्सिलॉन कोणता, आणि एचडीबीस्कॅनकडे, म्हणजे एकच एप्सिलॉन न मागणाऱ्या त्याच्या भावंडाकडे, वळावं का?

खरं सांगायचं तर यात तीन वेगळे घोळ एकमेकांत गुंतले आहेत: एककाचा, घनतेचा आणि मोजमापाचा. ‘बरोबर एप्सिलॉन’ हा आकडा डेटात कुठे लपलेला नसतो. दोन नोंदी किती जवळ असल्या तर त्या एकाच जागेच्या मानायच्या, याचं ते तुमचं उत्तर असतं. ते उत्तर तुमच्या कामातून यायला हवं. डेटा फक्त एवढंच सांगतो की ते उत्तर सगळीकडे लागू पडतं की नाही.

एककापासून सुरुवात करू, कारण ते सोपं आहे. लायब्ररीत एप्सिलॉन ०.५ आधीच भरलेला असतो. तुमचा डेटा अंशांत आहे, आणि अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणजे तुम्ही साधारण ५५ किलोमीटरच्या वर्तुळात शेजारी शोधत होता. सगळं एकाच गटात जाणं तिथे अटळच होतं. मेमरी संपण्याचं कारणही तेच. सायकिट-लर्न प्रत्येक बिंदूचे सगळे शेजारी एकदमच काढून ठेवतं. प्रत्येकाचे शेजारी जवळपास २ लाख असतील तर त्या याद्या कुठल्याच साध्या यंत्रात मावणार नाहीत. तुमचं यंत्र कमी पडलं असं समजू नका. त्रिज्या ताळ्यावर आली की हाच डेटा आरामात चालेल.

अंश वापरण्यात दुसरी अडचण अशी की रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून दूर जाऊ तसा आखूड होतो. ६० अक्षांशावर तो निम्मा राहतो. त्यामुळे अंशांतलं वर्तुळ जमिनीवर लंबगोल पडतं. यावर दोन उपाय आहेत. एक, हॅवरसाइन अंतर, म्हणजे गोल पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर, वापरायचं. त्यासाठी आकडे रेडियनमध्ये हवेत, आधी अक्षांश मग रेखांश असा क्रम हवा, आणि एप्सिलॉन म्हणून किलोमीटरमधलं अंतर भागिले पृथ्वीची त्रिज्या ६३७१ द्यायचं. ५० मीटरसाठी हा आकडा ०.०५ भागिले ६३७१, म्हणजे साधारण ०.०००००७८५ येतो. दुसरा उपाय म्हणजे सगळे बिंदू यूटीएमसारख्या प्रक्षेपणात (मीटरमधल्या सपाट नकाशावर) नेऊन थेट मीटरमध्ये काम करणं. डेटा एका शहरापुरता किंवा त्याच्या आसपासचा असेल तर मी दुसराच घेतो. तो जास्त अचूक आहे म्हणून नव्हे. पुढे प्रत्येक आकडा मीटरमध्ये डोळ्यांसमोर राहतो आणि चूक लगेच लक्षात येते. डेटा अनेक देशांत पसरला असेल तर मात्र हॅवरसाइनच बरं.

मीटरमध्ये आल्यावर तुमचे आकडे वेगळेच दिसू लागतात. ०.००१ म्हणजे सुमारे १११ मीटर आणि ०.०००२ म्हणजे २२ मीटर. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनचं जीपीएस ५ मीटरच्या आसपास चुकतं, आणि उंच इमारतींमध्ये त्याहून बरंच जास्त. म्हणून १०-१५ मीटरच्या खाली जाण्यात अर्थ नाही. तिथे तुम्ही थांबे शोधत नसून उपकरणाची थरथर मोजत असता. वरची मर्यादा तुमच्या व्याख्येतून येते. रस्त्याच्या दोन बाजूंचे थांबे वेगळे हवेत की एकच? एका मोठ्या गोदामाची दोन फाटकं म्हणजे एक थांबा की दोन? हे मला इथे बसून सांगता येणार नाही.

आता एप्सिलॉनइतकंच महत्त्वाचं, आणि प्रश्नात कुठेच न आलेलं: तुमच्या डेटात एक बिंदू म्हणजे नेमकं काय? वाहन रात्रभर उभं राहिलं आणि उपकरण दर मिनिटाला नोंद पाठवत असेल, तर त्या एका मुक्कामाचे शेकडो बिंदू एकाच जागी साचतात. डीबीस्कॅनला ती प्रचंड घनता दिसते, पण ती घनता वेळेची असते, भेटींची नव्हे. उलट, रोज दोन मिनिटं थांबून निघून जाणारा खरा नेहमीचा थांबा विरळ दिसतो. म्हणून आधी प्रत्येक वाहनाच्या लागोपाठच्या नोंदी क्रमाने घेऊन एका मुक्कामाचा एकच बिंदू करा. मुक्कामाच्या सगळ्या नोंदींचा मध्यक घेतला तरी चालतो. माझ्या अनुभवात ‘डीबीस्कॅन नीट चालत नाही’ म्हणून आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात. तुमचे २ लाख बिंदूही या पायरीनंतर बरेच कमी होतील.

याचा दुसरा फायदा असा की किमान बिंदूंच्या पॅरामीटरला अर्थ येतो. डीबीस्कॅनचा विचार सरळ आहे. ज्या बिंदूच्या एप्सिलॉन त्रिज्येत किमान इतके बिंदू सापडतात तो गाभ्याचा बिंदू. सायकिट-लर्नमध्ये या मोजणीत तो स्वतःही धरलेला असतो. गाभ्याचे बिंदू एकमेकांच्या आवाक्यात असले की ते एका क्लस्टरमध्ये जातात. स्वतः गाभ्याचा नसलेला पण गाभ्याच्या कुणाच्या तरी आवाक्यात असलेला तो काठावरचा. उरलेला नॉइज. एक बिंदू म्हणजे एक मुक्काम असेल तर ‘किमान ५’ याचा अर्थ ‘किमान ५ भेटी झालेली जागा’ असा थेट लागतो, आणि तो आकडा तुम्ही एखाद्या सहकाऱ्याला समजावून सांगू शकता. १९९६ साली मार्टिन एस्टर, हान्स-पेटर क्रिगेल, यॉर्ग झांडर आणि श्यावेइ शू यांनी हा अल्गोरिदम मांडला तेव्हा दोन मितींच्या डेटासाठी ४ हा आकडा सुचवला होता. पुढे मितींच्या दुप्पट असा ठोकताळा रूढ झाला. दोन्ही सुरुवातीला ठीक आहेत, पण तुमच्याकडे ‘किती भेटी म्हणजे नेहमीचं’ याचं उत्तर असेल तर ठोकताळ्याची गरजच काय?

तरीही एका वाहनाच्या एकाच दिवसातल्या पाच फेऱ्या आणि पाच वेगळ्या दिवसांच्या पाच फेऱ्या यात फरक आहेच. तो महत्त्वाचा असेल तर प्रत्येक जागा, वाहन आणि दिवस यांचा मिळून एकच बिंदू ठेवा. किंवा बिंदूंना वजन द्या. सायकिट-लर्नचं डीबीस्कॅन वजन घेतं आणि संख्येऐवजी वजनांची बेरीज पाहतं. फक्त एक ध्यानात असू द्या: ज्या बिंदूचं एकट्याचं वजन किमान आकड्याइतकं आहे तो आपोआप गाभ्याचा होतो.

आता तुमच्या शहराच्या गोळ्याकडे. एप्सिलॉन ५० मीटर म्हणजे क्लस्टर ५० मीटरचं, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. एप्सिलॉन साखळीतल्या एका कडीची लांबी ठरवतो. साखळी किती लांब जाईल यावर त्याचं काहीच बंधन नाही. गजबजलेल्या रस्त्यावर दर ३० मीटरला कुणीतरी थांबत असेल तर कडीला कडी लागून क्लस्टर कित्येक किलोमीटर पसरतं. डीबीस्कॅनची खुबी म्हणतात ती हीच: वाकडेतिकडे आकार, नद्या, रस्ते, एकात एक असलेली वर्तुळं ते पकडतं. पण तुम्हाला हवे आहेत थांबे, आणि थांबा आकाराने आटोपशीर असतो. म्हणजे इथे या अल्गोरिदमची खुबीच तुमच्या विरोधात जाते आहे.

अशा वेळी मी दोन टप्प्यांत काम करतो. पहिल्या टप्प्यात डीबीस्कॅनने मोठे तुकडे पाडायचे आणि विखुरलेले बिंदू बाजूला काढायचे. मग जे क्लस्टर ठरलेल्या व्यासापेक्षा मोठं आहे, समजा १०० मीटर, फक्त त्याच्या आत कम्प्लीट लिंकेज पद्धतीने श्रेणीबद्ध क्लस्टरिंग करायचं आणि १०० मीटरवर छेद द्यायचा. त्यात कुठल्याही गटातले दोन बिंदू त्याहून दूर असू शकत नाहीत. ही पद्धत थेट सगळ्या डेटावर लावता येत नाही: २ लाख बिंदूंच्या जोड्या सुमारे २० अब्ज होतात आणि नुसती अंतरंच १६० जीबी खातात. तुकड्यांवर मात्र ती सहज चालते.

घनतेचा घोळ राहिला. तुम्ही एप्सिलॉन मोठा केला तर मध्यभाग चिकटतो, लहान केला तर बाहेरचा भाग पुसला जातो. पुरात बुडालेल्या डोंगराळ मुलखाची कल्पना करा. पाण्याची पातळी खाली असली तर उंच शिखरं एकाच जमिनीवर जोडलेली दिसतात, वर असली तर शिखरं वेगळी होतात पण बुटक्या टेकड्या पाण्याखाली जातात. पातळी एकच असेल तर दोन्ही एकदम साधणार नाही, मग ती कितीही बारकाईने निवडा. डीबीस्कॅन म्हणजे ती एकच पातळी.

तुमच्या डेटाचं तसंच आहे का, हे बघायला के-अंतराचा आलेख काढा. किमान आकडा ५ ठरवला असेल तर प्रत्येक बिंदूपासून त्याच्या चौथ्या शेजाऱ्यापर्यंतचं अंतर घ्या आणि सगळी अंतरं क्रमाने मांडा. इथे मोजणीत एकाचा फरक हमखास पडतो: शोधताना तोच डेटा परत दिला की पहिला शेजारी तो बिंदू स्वतःच येतो, शून्य अंतरावर. म्हणून ५ शेजारी मागा आणि शेवटचा घ्या. किमान आकड्याशी तो बरोबर जुळतो. उभा अक्ष लॉग पट्टीवर ठेवा. आलेखात एकच ठळक वळण दिसलं तर त्याच्या आसपासचा एप्सिलॉन घ्यायला हरकत नाही. पायऱ्या दिसल्या, किंवा सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसताच चढ दिसला, तर डेटात अनेक घनता आहेत आणि एका एप्सिलॉनचा शोध तिथेच थांबवावा. वळण आपोआप शोधून देणाऱ्या साधनांवर माझा फारसा विश्वास नाही. अक्षाची पट्टी बदलली की त्यांचं उत्तर बदलतं.

वळण सापडलं तरी त्या एका आकड्यावर थांबत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना थोडं सरकून पुन्हा चालवतो आणि तीन गोष्टी पाहतो: क्लस्टर किती, सर्वांत मोठ्या क्लस्टरमध्ये किती टक्के बिंदू, नॉइज किती टक्के. एप्सिलॉन थोडा हलवल्यावर सर्वांत मोठं क्लस्टर अचानक फुगलं तर साखळ्या जुळायला लागल्या असं समजायचं. तुमच्या वर्णनावरून २२ आणि १११ मीटरच्या मध्ये कुठेतरी हे घडतंय.

एचडीबीस्कॅनकडे वळावं का? तुमच्या बाबतीत हो, पण ते काय करतं हे समजून. २०१३ मध्ये कांपेल्लो, मौलावी आणि झांडर यांनी ते मांडलं. पॅरामीटरशिवाय चालतं असं बोललं जातं, ते खरं नाही. त्यात एप्सिलॉन एक न ठेवता सगळ्या पातळ्या एकदम बघितल्या जातात. आधी प्रत्येक बिंदूची गाभा-दूरी काढतात, म्हणजे त्याच्या के-व्या शेजाऱ्यापर्यंतचं अंतर. मग दोन बिंदूंमधलं अंतर नव्याने ठरवतात: दोघांच्या गाभा-दूऱ्या आणि दोघांमधलं खरं अंतर, या तिघांतलं सर्वांत मोठं. यामुळे विरळ भागातले बिंदू सगळ्यांपासून लांब ढकलले जातात आणि एखाद-दुसऱ्या भरकटलेल्या बिंदूमुळे दोन गट जोडले जाणं कमी होतं. या अंतरांवर मिनिमम स्पॅनिंग ट्री (सगळे बिंदू कमीत कमी एकूण लांबीत जोडणारं जाळं) बांधून सर्वांत लांब कडीपासून तोडत जायचं. तोडल्यावर दोन्ही बाजूंना किमान क्लस्टर-आकाराएवढे बिंदू उरले तर ती खरी फूट. नाहीतर काही बिंदू नुसते गळून पडले असं धरायचं. जे गट पातळी बदलत गेली तरी जास्त काळ टिकतात ते निवडले जातात. म्हणून मध्यभागातला दाट थांबा आणि वेशीवरचा विरळ थांबा दोन्ही एकाच वेळी हाती लागू शकतात.

यात तीन खड्डे आहेत. पहिला: किमान क्लस्टर-आकार आणि मिन-सॅम्पल्स हे दोन वेगळे पॅरामीटर आहेत, पण दुसरा दिला नाही तर तो पहिल्याएवढाच धरला जातो. लोक क्लस्टर मोठे हवेत म्हणून पहिला ५० करतात, दुसराही गुपचूप ५० होतो आणि निम्मा डेटा नॉइजमध्ये जातो. दोन्ही स्वतः द्या. दुसरा: दाट भागात तो एकाच थांब्याचे चार-पाच तुकडे करतो, कारण जीपीएसच्या थरथरीतही त्याला शिखरं दिसतात. त्यासाठी क्लस्टर-सिलेक्शन-एप्सिलॉन आहे. तिथे तुमची खालची मर्यादा, समजा २० मीटर, द्या म्हणजे त्याहून बारीक फूट तो करणार नाही. तुमच्या प्रश्नात सर्वांत उपयोगी पडेल असं मला वाटतं ते हेच. तिसरा: क्लस्टर निवडण्याची मूळ पद्धत मोठ्या, टिकाऊ गटांकडे झुकते. बारीक आणि सारख्या आकाराचे गट हवे असतील तर ‘लीफ’ पद्धत करून पाहा. सायकिट-लर्नच्या १.३ आवृत्तीपासून एचडीबीस्कॅन त्यातच मिळतं, वेगळं काही बसवावं लागत नाही.

१९९९ चं ऑप्टिक्स याच घराण्यातलं. त्याचा रीचेबिलिटी आलेख, ज्यात प्रत्येक दरी म्हणजे एक क्लस्टर, डेटाची रचना डोळ्यांनी बघायला फार छान आहे. अंतिम उत्तरासाठी मी ते सहसा वापरत नाही.

आता नॉइज आणि मोजमाप. उणे १ म्हणजे अल्गोरिदम हरला असं नाही. वाहनं सिग्नलला थांबतात, कोंडीत अडकतात, चालक फोन घ्यायला बाजूला उभा राहतो. तुमच्या नोंदींत हे सगळं असेल तर ६० टक्के नॉइज हे अगदी योग्य उत्तर असू शकतं. ते योग्य आहे की नाही हे ठरवायला नॉइजमधले पन्नासेक बिंदू यादृच्छिकपणे उचला आणि नकाशावर एकेक बघा. त्यात ओळखीचे थांबे सापडले तर पॅरामीटर कडक आहेत. चौक आणि पूल सापडले तर निश्चिंत राहा. नॉइज संपवण्यासाठी प्रत्येक बिंदू जवळच्या क्लस्टरला चिकटवून टाकणं मात्र करू नका. मग के-मीन्सने काय बिघडवलं होतं?

सिल्हूएट स्कोअर इथे दोनदा फसवतो. एक तर तो गोल, एकमेकांपासून सुटे गट चांगले मानतो. घनतेवर आधारित क्लस्टर तसे असतीलच असं नाही. दुसरं म्हणजे सायकिट-लर्नच्या त्या फंक्शनला उणे १ चा खास अर्थ माहीत नाही. सगळा नॉइज तो एक क्लस्टर समजून मोजतो, आणि सगळीकडे पसरलेलं ते ‘क्लस्टर’ स्कोअरची वाट लावतं. नॉइज काढून मोजलं तर उलटी पळवाट निघते: जितके जास्त बिंदू नॉइजमध्ये ढकलाल तितका स्कोअर सुधारतो. २०१४ मध्ये आलेला डीबीसीव्ही हा निर्देशांक घनतेसाठीच बनवला आहे आणि नॉइजचा वाटाही हिशेबात धरतो, तो बरा. तरी माझा भर वेगळ्या गोष्टीवर असतो. तुम्हाला खात्रीने माहीत असलेल्या वीस-तीस थांब्यांची यादी करा, दाट आणि विरळ दोन्ही भागांतली. प्रत्येक सेटिंगला त्यातले किती एकसंध सापडले, किती फुटले, किती एकमेकांत मिसळले, एवढं मोजा. कंटाळवाणं काम आहे, पण त्यातून आलेल्या आकड्यावर वाद घालता येतो.

वेळेचा रकाना तुमच्याकडे आहे, तेव्हा तो तिसरी मिती म्हणून जोडायचा मोह होईल. मीटर आणि सेकंद एकाच अंतरात मिसळले की एका मीटरला किती सेकंद, हा विनिमय दर तुम्ही नकळत ठरवून टाकता. वेळ खरंच हवी असेल तर जागेसाठी एक आणि वेळेसाठी दुसरा असे दोन एप्सिलॉन ठेवा. एसटी-डीबीस्कॅन नावाचा प्रकार हेच करतो. तुमच्या कामासाठी मी आधी जागेवर थांबे काढीन आणि मग प्रत्येक थांब्याच्या वेळा पाहीन.

वेगाबद्दल एक वाक्य, कारण कुणीतरी खाली विचारेलच: २०१५ मध्ये गान आणि ताओ यांनी दाखवलं की तीन किंवा अधिक मितींत मूळ निबंधातला जलद चालण्याचा दावा सर्वसाधारणपणे टिकत नाही, आणि २०१७ मध्ये मूळ लेखकांनी उत्तर दिलं की एप्सिलॉन समंजस असेल तर प्रत्यक्षात ते पुरेसं वेगवान असतं. तुम्ही दोन मितींत आहात, तुम्हाला याची झळ नाही. शेकडो मितींच्या डेटाची गोष्ट वेगळी: तिथे सगळीच अंतरं सारखी वाटू लागतात आणि घनता हा शब्दच पातळ होतो.

तेव्हा क्रम असा धरा: मुक्कामाचा एक बिंदू, मग मीटर, मग के-अंतराचा आलेख, आणि पायऱ्या दिसल्या तर २० मीटरच्या तळासह एचडीबीस्कॅन, तरीही लांबट क्लस्टर उरले तर त्यांच्यावर दुसरा टप्पा.

पुढच्या महिन्याच्या नोंदी आल्यावर एक अडचण येईल, ती आत्ताच सांगून ठेवतो. सायकिट-लर्नच्या डीबीस्कॅनमध्ये नव्या बिंदूसाठी अंदाज देणारं फंक्शन नाही, आणि पुन्हा चालवलं की क्लस्टरांचे क्रमांक बदलू शकतात. शिवाय काठावरचा एखादा बिंदू दोन क्लस्टरांच्या आवाक्यात असेल तर तो कुणाकडे जाईल हे नोंदींच्या क्रमावर ठरतं. म्हणून थांब्यांना स्वतःचे कायमचे ओळख-क्रमांक द्या आणि गाभ्याचे बिंदू साठवून ठेवा. नवी नोंद कुठल्या गाभ्याच्या बिंदूपासून एप्सिलॉनच्या आत आली तर त्या थांब्याची, नाहीतर सध्या नॉइज. दर काही आठवड्यांनी साचलेल्या नॉइजसकट सगळं पुन्हा चालवा आणि नवे क्लस्टर जुन्या क्रमांकांशी जुळवून घ्या. के-अंतराचा आलेख काढलात तर इथे टाका. पायऱ्या आहेत की वळण, ते बघून पुढचं बोलू.